हॅटरसच्या पुळणीवर मोठा ड्रम: पहिल्यांदा गरवायला जाणाऱ्यांसाठी

दसरा झाला की नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या घरांमध्ये फराळाच्या याद्या सुरू होतात. माझ्याकडे त्याच आठवड्यात गॅरेजमधून बारा फुटी काठ्या बाहेर निघतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रेड ड्रम हा मोठा मासा पॅम्लिको साउंड या अफाट खाडीतून मुखांवाटे बाहेर पडतो आणि हॅटरस बेटाच्या पुळणीला लागून फिरतो. एप्रिल-मे मध्येही तो येतो, पण शरदातली गाठ जास्त खात्रीची. होडी नाही, खलाशी नाही, आपण वाळूत उभे, आणि गळाला चाळीस पौंडांचा मासा. कोकणात लहानपणी खडपावर बसून गरवणाऱ्या मला हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

केरी-मॉरिसव्हिल या राज्यातल्याच गावांकडून दरवर्षी कोणीतरी विचारतं, ‘आम्हालाही यायचंय, काय काय लागेल?’ त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावर बेतलेली आहे: मोठा ड्रम घरी आणायचा नसतो. तो पाण्यातच परत जातो. काठी इतकी दणकट का, गळाची दोरी इतकी आखूड का, गळ गोल का, या सगळ्याचं उत्तर त्यातच आहे.

मासा कोणता

रेड ड्रम हा आपल्या घोळ, कोथ आणि ढोम्याच्या कुळातला. घोळीच्या पोटातल्या ज्या भोतासाठी आपल्याकडे व्यापारी जपून बोली लावतात, तशीच हवेची पिशवी याच्याही पोटात असते. विणीच्या दिवसांत नर त्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतो, म्हणून नाव ड्रम. अंग तांब्यासारखं, शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका, कधी दोन-तीन. हनुवटीखाली मिशा दिसल्या तर तो ब्लॅक ड्रम, वेगळा मासा.

बेटावरची माणसं लहान ड्रमला ‘पपी ड्रम’ म्हणतात आणि मोठ्याला ‘ओल्ड ड्रम’. जुन्या लोकांच्या तोंडी ‘चॅनल बास’ हे नाव अजून ऐकू येतं. १९७१ साली या राज्याने त्याला आपला खाऱ्या पाण्यातला राज्यमासा ठरवलं. (गुजरातने घोळीला हा मान २०२३ साली दिला, म्हणजे दोन्हीकडे एकाच कुळाचा गौरव.) जगातला सर्वांत मोठा नोंदलेला रेड ड्रमही याच बेटावरचा: नोव्हेंबर १९८४, एव्हन गाव, डेव्हिड ड्यूएल यांची काठी, वजन ९४ पौंड २ औंस. म्हणजे जवळजवळ ४३ किलो.

निघण्याआधी

सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला समुद्रातल्या मासेमारीचा राज्याचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, दहा दिवसांचाही आणि वर्षाचाही. फोनवर ठेवा, शिवाय एक प्रत छापून घ्या, कारण पुळणीवर सगळीकडे रेंज नसते.

नियम सोपा आहे. १८ ते २७ इंचांच्या मधला एकच ड्रम, दिवसाला माणशी एक, एवढाच ठेवता येतो. २७ इंचांवरचा प्रत्येक मासा सोडायचा. आकडीने टोचून मासा ओढायला मनाई आहे. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडच्या केंद्राच्या पाण्यात तर कोणत्याही आकाराचा ड्रम ठेवता येत नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी राज्याच्या सागरी मत्स्य विभागाचं संकेतस्थळ उघडून पाहाच.

पुळणीवर गाडी न्यायची असेल तर केप हॅटरस नॅशनल सीशोअरचा वेगळा परवाना लागतो. गाडीत फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि कमी दाब मोजणारा टायर-गेज असणं सक्तीचं आहे. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. बहुतेक गाड्या रुततात त्या हवा न उतरवल्यामुळे. वेगमर्यादा ताशी १५ मैल. रात्री गाडी नेण्याचे नियम ऋतूप्रमाणे बदलतात, आणि वसंत-उन्हाळ्यात किनारी पक्ष्यांच्या घरट्यांसाठी किंवा कासवांच्या अंड्यांसाठी पुळणीचे काही भाग बंद ठेवतात. तिथे बांधलेल्या दोऱ्या ओलांडू नका.

चारचाकी वाळूत घालायची हिंमत नसेल तर एव्हन किंवा रोडँथीच्या लाकडी धक्क्यांवरून सुरुवात करा, नाहीतर रस्त्याकडेच्या वाहनतळापासून चालत जा. मी पहिली दोन वर्षं चालतच गेलो.

काठी, रीळ आणि दोर

इथे ‘एट अँड बेट’ असा शब्द आहे: आठ औंसांचं शिसं, वर आमिष, एवढं वजन फेकणारी काठी. लांबी साधारण १२ फूट. ‘आपण हलकी काठी घेऊन मजा करू’ हा मोह सोडा. हलक्या काठीवर मासा अर्धा-पाऊण तास झुंजतो आणि सोडल्यावर जगण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. जड काठीने तो दहा-पंधरा मिनिटांत हाताशी येतो.

रीळ दोन प्रकारचं. जुने-जाणते आडवं, फिरत्या ढोलकीचं रीळ वापरतात. ते लांब फेकतं, पण अंगठ्याचा सराव नसेल तर दोराचा असा गुंता होतो की सुरीच लागते. नवख्याने मोठं स्पिनिंग रीळ घ्यावं, ६५०० ते ८००० मापाचं.

दोर म्हणजे आपला साधा तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोर), १७ ते २० पौंडांचा ताण झेलणारा. विणलेला ब्रेड बारीक आणि मजबूत असतो खरा, पण गर्दीत शेजाऱ्याच्या दोरावर घासला की त्याचा दोर कापतो, बोटंही कापतो. केप पॉइंटवर खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात, तिथे तंगूसच बरा.

आता शॉक लीडर. हे नीट समजून घ्या, कारण यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. आठ औंस शिसं पूर्ण जोराने फेकताना २० पौंडांचा दोर तुटू शकतो, आणि तुटला तर ते शिसं बंदुकीच्या गोळीसारखं जातं. म्हणून दोराच्या टोकाला जाड तंगूस जोडतात. तो इतका लांब हवा की फेकायच्या तयारीत असताना त्याचे चार-पाच वेढे रिळावर राहतील. शिशाच्या दर औंसामागे १० पौंड असा हिशोब सांगतात. त्या हिशोबाने आठ औंसांना ८० पौंड. इथले पुष्कळ लोक ५०-६० वर भागवतात, पण त्यांचा हात बसलेला असतो. तुम्ही ८० पासून सुरुवात करा. जोडणीला युनी गाठ चालेल. थुंकीने ओली करून हळूहळू आवळा आणि दर फेकीआधी नखाने चाचपा. फेकणाऱ्या बोटाला चामड्याचं बोटमोजं घाला.

खालची मांडणी अशी: शॉक लीडरवर शिसं सरकतं राहील अशी कडी ओवायची, मग एक मणी, मग स्विव्हल (गोल फिरणारी जोडकडी). स्विव्हलच्या पलीकडे ८० ते १०० पौंडांच्या तंगुसाचा अगदी आखूड तुकडा, चार ते सहा इंचांचा, आणि त्याला ८/० ते १०/० मापाचा सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ. गळाची उलटी दाती पकडीने दाबून सपाट करा.

इतका आखूड तुकडा कशासाठी? लांब दोरीवर मासा आमिष घशात नेतो, गळ आतड्यात किंवा कल्ल्यात रुततो, आणि असा मासा सोडूनही मरतो. आखूड दोरीवर आमिष तोंडात गेलं की लगेच शिशाचं वजन जाणवतं, मासा वळतो, आणि गोल गळ घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फेकताना आमिष शिशाला चिकटून राहत असल्याने फेकही लांब जाते, हा वरचा फायदा. दुकानात तयार मिळणारे दोन फुटी लीडर यासाठी घेऊ नका.

शिसं दोन आकारांचं ठेवा. पिरॅमिड साध्या पाण्यासाठी. ओढ जास्त असेल तर तारेचे पाय असलेलं ‘स्पुटनिक’, ते नांगरासारखं वाळू धरतं.

आमिष: बोय आणि बंकर

इथल्या लोकांचं आवडतं आमिष म्हणजे मलेट, आणि तो दुसरा तिसरा कोणी नसून आपली बोय आहे. मुगिल सेफॅलस ही जात दोन्हीकडच्या खाड्यांत असते. दुसरं आमिष मेनहेडन, ज्याला बंकरही म्हणतात. तारलीसारखा तेलकट आणि वासाचा.

ताजेपणावर तडजोड करू नका. डोळे स्वच्छ आणि अंग ताठ असलेली बोय बर्फावर ठेवा, पण बर्फाच्या पाण्यात बुडू देऊ नका, मांस मऊ पडतं. गोठवलेलं आमिष फेकताना फाटतं. खवले आधी काढा, नाहीतर एखादं खवलं गळाच्या टोकावर बसतं आणि टोक रुततच नाही. मग जाड तिरपे तुकडे करा. डोकं टाकून देऊ नका! माझा भरवसा सर्वांत जास्त डोक्यावर. खालच्या जबड्यातून वर नाकाडातून गळ काढला की ते घट्ट बसतं, आणि खेकडे व छोटे ब्लूफिश ते लवकर संपवू शकत नाहीत. कुठलंही आमिष लावा, गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे. वीस-तीस मिनिटांनी ओढून बदला. धुतलेल्या, पांढऱ्या पडलेल्या तुकड्याला वास उरत नाही.

पुळण वाचायची

मुंबई-कोकणाकडून आलेल्या माणसाची इथे एक चूक हमखास होते. आपण तिथी बघतो, उधाण बघतो. इथे भरती-ओहोटीत साधारण तीनच फुटांचा फरक असतो. पाणी कुठे ओढेल, हे चंद्रापेक्षा वारा जास्त ठरवतो. भरती चढत असताना आणि ओहोटी लागल्यावर पहिला तासभर चांगला, हे खरं. पण मी आधी वाऱ्याचा अंदाज बघतो आणि मग भरतीचं वेळापत्रक.

ड्रमला खवळलेलं, गढूळ पाणी आवडतं. दोन दिवस ईशान्येचा वारा झोडपून गेला, लाटा अजून बसल्या नाहीत, आकाश भरलेलं आहे, अशा वेळी बाकीचे पर्यटक खोलीत बसतात आणि ड्रमवाले बाहेर पडतात. पाण्याचं तापमान साठ ते सत्तर फॅरनहाइटच्या दरम्यान असावं. संध्याकाळ आणि रात्र दिवसापेक्षा चांगली.

जागा शोधायला ओहोटीच्या वेळी दिवसाउजेडी एक फेरी मारा. लाटा जिथे फुटून पांढऱ्या होतात तिथे खाली वाळूचा दांडा आहे. दांडा आणि काठ यांच्यामध्ये जिथे पाणी गडद, लाट न फुटता नुसती फुगून पुढे येते, तिथे चर आहे. मासा त्या चरातून रस्त्यासारखा चालतो. दांड्यात एखादी फट दिसली, जिथून पाणी परत समुद्रात ओढलं जातं, तर ती जागा मनात पक्की करा, आमिषाचा वास तिथून बाहेर वाहत जातो. खुणेसाठी मागच्या टेकाडावरचं एखादं घर किंवा खांब धरा, कारण रात्री काही दिसणार नाही. त्याच फटीत माणसालाही ओढून नेणारा प्रवाह असतो. आमिष तिथे टाका, पण तुम्ही उतरू नका.

बक्स्टनचा केप पॉइंट ही या सगळ्यांची पंढरी. बेट तिथे कोपरासारखं वळतं, समोर डायमंड शोल्सचे वाळूचे दांडे मैलोन्मैल पसरलेले, उत्तरेचा गार आणि दक्षिणेचा उबदार प्रवाह तिथे भेटतात. मासा भरपूर, माणसंही भरपूर. तिथली शिस्त न लिहिलेली पण कडक आहे. सरळ समोर फेकायचं. प्रवाहाने तुमचं शिसं बाजूला नेलं की त्याच्याबरोबर ओळीतून चालत जायचं, शेवटी ओढून घ्यायचं आणि ओळीच्या सुरुवातीला परत यायचं. कोणाला मासा लागला की आपला दोर उचलून त्याला वाट द्यायची. पहिल्या दिवशी अर्धा तास मागे उभे राहून नुसतं बघा, आणि मग विचारून ओळीत शिरा. मला कोणी नाही म्हटलेलं नाही.

फेकणं

मागे कोणी नाही ना, हे वळून बघा. प्रत्येक वेळी, अंधारात तर हाक देऊन. शिसं काठीच्या टोकापासून चार-पाच फूट खाली लोंबू द्या. डावा खांदा समुद्राकडे, वजन मागच्या पायावर, काठी मागे, नजर क्षितिजाच्या बरीच वर. मग वजन पुढच्या पायावर आणत वरचा हात ढकला आणि खालचा हात छातीकडे ओढा. झटका नको, एकसलग ताण हवा. घरी मोकळ्या मैदानात नुसतं शिसं लावून सराव करून या, पुळणीवरचा वेळ वाचतो.

लांबीच्या मागे फार लागू नका. पहिल्या दांड्याच्या आतल्या चरात, पन्नास-साठ यार्डांवर, मी मोठे मासे पाहिले आहेत. केप पॉइंटवर मात्र लांब फेक कामाला येते.

काठी खोचायची नळी दीड-दोन फूट खोल वाळूत घाला. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटताना त्याला अडवणारा ब्रेक, पाच-सहा पौंडांवर ठेवा. पूर्ण आवळलेल्या ड्रॅगवर काठी नळीसकट समुद्रात जाते.

लागल्यावर

काठी दोनदा डोकं हलवते आणि मग वाकते ती वाकतच जाते. इथे आपला जुना हात आड येतो: झटका मारावासा वाटतो. सर्कल हुकवर झटका मारला की गळ तोंडातून निसटतो. काठी नळीतून काढा, ताण येऊ द्या आणि फक्त रीळ फिरवा. कधी उलटं होतं, दोर अचानक सैल पडतो. मासा तुमच्याकडे पोहत येत असतो. मागे चालत भराभर गुंडाळा.

पहिली धाव शंभर यार्डांची असू शकते. जाऊ द्या. तो बाजूला वळला की तुम्हीही काठाने चाला. लाट येते तेव्हा तिच्याबरोबर मासा पुढे येतो, तेव्हा गुंडाळा. लाट परतते तेव्हा तिची आणि माशाची ओढ एकत्र होते, तेव्हा हाताने अडवू नका, ड्रॅगला काम करू द्या. बरेच मासे या शेवटच्या वीस फुटांतच तुटतात. एखाद्या मोठ्या लाटेवर तो घोट्याभर पाण्यात आला की सोबत्याने हातमोजा घालून जाड लीडर धरावा. म्हणूनच एकट्याने जाऊ नका. वेडर (छातीपर्यंतची पाणी न शिरणारी विजार) घातला असेल तर कमरेचा पट्टा आवळलेला असावा, पडलात तर आत पाणी भरत नाही.

परत पाण्यात

या माशाचं वय समजून घेतलं की हात आपोआप हळू होतो. ड्रम साठ वर्षांपर्यंत जगतो. मादी साधारण चौथ्या वर्षी विणीला येते आणि मग दशकानुदशकं वीत राहते. तुमच्या हातातला मासा तुमच्याहून मोठा असू शकतो. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांच्या मसाला लावून करपवलेल्या ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ची देशभर लाट आली, आणि मेक्सिकोच्या आखातात मोठमोठे ड्रम जाळ्यांनी इतके उपसले गेले की तिथली केंद्राच्या पाण्यातली मासेमारी बंद करावी लागली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी या माशाच्या संरक्षणासाठी खास आदेश काढला. पुळणीवर आज जे मासे येतात ते अशा बंधनांमुळे टिकले आहेत.

तर मासा कोरड्या वाळूवर ओढायचा नाही. अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, वाळू कल्ल्यांत जाते. उथळ पाण्यात गुडघ्यावर बसा, हात ओले करा. कल्ल्यांत बोटं घालू नका, जबड्याला धरून उभा लटकवू नका. स्वतःच्या वजनाने आतले अवयव ताणले जातात. एक हात शेपटीच्या बुंध्याशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. पकडीने गळ मागच्या मागे फिरवला की दाती नसल्यामुळे सहज निघतो. मोजपट्टी, पकड, कॅमेरा हे सगळं मासा यायच्या आधीच खिशात तयार असू द्या. फोटोसाठी उचललात तर स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात.

लांबी तोंड मिटवून, शेपटी चिमटीत दाबून मोजतात. ४० इंच किंवा जास्त भरला तर तो मोजून सोडल्याबद्दल राज्याकडून प्रशस्तिपत्र मिळतं. पाठीवर पिवळी खुणेची पट्टी असेल तर तिच्यावरचा क्रमांक आणि माशाची लांबी सागरी मत्स्य विभागाला कळवा. मासे कुठून कुठे जातात हे त्यांना त्यावरूनच कळतं.

मग त्याला लाटांकडे तोंड करून धरा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्या. शेपटी घट्ट होते, हाताला धक्का देते, तेव्हा सोडा. त्याआधी नको. थकलेला मासा लाटेत उलटा झाला तर पुन्हा आत जाऊन धरा. मी एकदा पाऊण तास झुंजवलेल्या माशाला पंधरा मिनिटं धरून बसलो होतो, आणि त्याच हिवाळ्यात हलकी काठी विकून जड घेतली.

ताटातलं

मोठ्या काठ्या नळीत उभ्या असताना हातात एक सात-आठ फुटी छोटी काठी ठेवा. बारीक गळ, कोळंबीचा तुकडा, आणि फेक फक्त पहिल्या लाटेच्या मागे. दिवसा त्यावर सी मलेट, स्पॉट, क्रोकर लागतात. नावात मलेट असली तरी सी मलेट बोय नव्हे. हे तिघेही ड्रमच्याच कुळातले, म्हणजे ढोम्याचेच भाऊबंद. नशीब असेल तर नियमात बसणारा एखादा पपी ड्रमही. लगेच बर्फात टाका. भाड्याच्या घरात तवा असतोच. तांदळाचं पीठ, रवा, आगळ आणि मालवणी मसाल्याची पुडी घरून न्यायला विसरू नका, बेटावरच्या दुकानात यातलं आगळ आणि मसाला मिळत नाही.